अंतराळ-साहसाची एक कादंबरी मला जाम आवडली, पण वाचकांच्या मतांमध्ये 'तेच ते' म्हणून झोडपलीय. माझी आवड कच्ची आहे का?

तुम्ही कादंबरीचं नाव दिलेलं नाही, पण वर्णन पुरेसं आहे. अनाथ मुलगा, भंगारात काढायच्या लायकीचं यान, खडूस यंत्रमानव, सगळं ठाऊक असलेला म्हातारा आणि पलीकडे आकाशगंगाभर पसरलेलं साम्राज्य. गंमत म्हणजे आमच्या वाचनकट्ट्यावर नुकतीच अशीच एक कादंबरी झाली. नाव मीही सांगत नाही. पात्रांची नावं बदलली तर तुमची आणि आमची एकच निघेल.

तुमची आवड कच्ची नाही. झोडपणारेही सगळे चुकीचे नाहीत, पण आपण नक्की कशाला वैतागलोय हे त्यांना बरेचदा सांगता येत नाही आणि मग 'तेच ते' हा शब्द हाताशी असतो.

आमचा कट्टा म्हणजे घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतली सहा-सात डोकी. महिन्यातून एक रविवार, कोणाच्या तरी घरी, पोह्यांसोबत. मी ही कादंबरी ठाणे-ऐरोली गाडीत वाचली. मध्ये दिघा गाव स्टेशन झाल्यापासून एक थांबा वाढलाय, तेवढंच एखादं पान जास्त होतं.

सगळ्यात कडक मत आमच्या मजल्यावरच्या बीएस्सीच्या मुलाचं. त्याने मोबाईलवर यादीच करून आणली होती, कुठली गोष्ट आधी किती ठिकाणी येऊन गेली त्याची. "तिसाव्या पानावर शेवट कळला मला," म्हणाला. पाचापैकी दोन तारे. किती दिवसांत वाचलीस विचारलं, तर दोन. तेही परीक्षा तोंडावर असताना. आणि दुसरा भाग आलाय का, हे कट्ट्यावर त्यानेच आधी शोधून ठेवलं होतं. त्याचं मत खोटं होतं असं मी म्हणत नाही. 'हे मी आधी वाचलंय' हे वाक्य खरंच असतं, फक्त त्यातून त्या माणसाचं आधीचं वाचन कळतं. तुम्ही या प्रकारातलं पहिलंच पुस्तक वाचत असाल तर त्याच्या यादीचा तुम्हाला काय उपयोग?

दुसरं मत माझ्या सासूबाईंचं. त्यांनी पुस्तक वाचलं नाही. इंग्रजी होतं, म्हणून संध्याकाळी मेथी निवडताना मी त्यांना रोज थोडं थोडं सांगत होते. मूळच्या कुडाळच्या. म्हातारा गोष्टीत आला त्याच संध्याकाळी त्या शांतपणे म्हणाल्या, "ह्यो म्हातारो मरतलो." बीएस्सीवाल्याला तीस पानं लागली, यांना एक जुडी मेथी. पण गोष्ट थांबव असं त्या म्हणाल्या नाहीत. रोज विचारायच्या, मेलो काय?

याचं कारण मला त्यांच्याच बोलण्यातून कळलं. लहानपणापासून जत्रेत दशावतार बघितलेला माणूस 'पुढे काय होणार' यासाठी बसतच नाही. आधी गणपती येणार, मग रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, मग तो काळा संकासुर लोकांना हसवणार आणि मारला जाणार. त्यानंतरचं आख्यानही सगळ्या गावाला पाठ. तरी लोक पहाटेपर्यंत देवळासमोर बसून असतात. संवाद लिहिलेले नसतात, नट जागच्या जागी रचतो, म्हणून कालच्या जत्रेतला दुर्योधन आणि आजचा यांत फरक असतो आणि लोक त्या फरकासाठी येतात. तमाशातल्या मावशीचंही तेच. गौळणीत मावशी येणार हे माहीत असतं, म्हणून तर तिची वाट बघतात.

शेवटी म्हातारा मेला. दार बंद होत असताना मागे राहिला आणि मेला. सासूबाई भडकल्या. "म्हाताऱ्याक फुकट मारल्यान!" मरणार हे त्यांनी कबूल केलेलं होतं. त्याच्या मरणाने कोणाचं काही अडलं नाही, मुलाला काही सोडावं लागलं नाही, दोन पानांनी सगळे हसत जेवत होते, याचा राग होता. मला वाटतं 'तेच ते' म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना नेमकं हेच म्हणायचं असतं. ठाऊक असलेली गोष्ट आली की लेखक सुटतो, हात न लावता पुढे जातो, आणि वाचकाला ते जाणवतं.

तिसरे आमचे निवृत्त फिजिक्सचे सर. ते विज्ञानावरून फाडतील अशी सगळ्यांना खात्री होती. नायक लघुग्रहांच्या पट्ट्यातून यान डावी-उजवीकडे काढत सुटतो तो प्रसंग त्यांनी हसत सोडून दिला. खरं तर मंगळ आणि गुरूमधल्या त्या पट्ट्यात दोन मोठ्या दगडांमध्ये लाखो किलोमीटर मोकळी जागा असते. १९७२-७३ मध्ये पायोनिअर-१० तिथून पहिल्यांदा गेलं, काही न आपटता. आमच्या घोडबंदर रोडवर त्याहून जास्त कसरत करावी लागते.

प्रकाशापेक्षा वेगाने उडी मारणारं इंजिनही त्यांनी माफ केलं. सूर्य सोडला तर सगळ्यात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर. व्हॉयेजर-१ सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने चाललंय. त्या वेगाने तेवढं अंतर कापायला ७० हजार वर्षांहून जास्त लागतील. "मग गोष्ट सांगायची कधी?" असं सरच म्हणाले. सासूबाईंना हे समजावायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. दशावतारात नारदाने रंगमंचाला एक फेरी मारली की वैकुंठातून पृथ्वीवर. तीच ही फेरी.

सर चिडले ते दुसऱ्याच गोष्टीवर. ते इंजिन पुस्तकाच्या पहिल्या अर्ध्यात कधी बिघडत नाही आणि साम्राज्याची यानं मागे लागली की नेमकं तेव्हाच खोकतं. चाळिसाव्या पानावर फेरी मारून पोचता येत असेल तर दोनशे चाळिसाव्या पानावरही यायला हवं, नाहीतर का येत नाही ते आधी सांगायला हवं. आणि एक. खलनायक दुसऱ्या ताऱ्यावरून नायकाशी तोंडाला तोंड देऊन भांडतो. त्याच्या निरोपासाठी कुठली उडी-बिडी नाही, साधा रेडिओ. मंगळावर निरोप जायला अंतराप्रमाणे ३ ते २२ मिनिटं लागतात. चांद्रयान-३ उतरलं तेव्हा, २३ ऑगस्ट २०२३ ला, आपण सगळे टीव्हीसमोर होतो. शेवटची ती मिनिटं यान स्वतःच स्वतःला सांभाळत होतं, खालून कोणी सुकाणू धरलेलं नव्हतं. आणि इथे जवळच्यात जवळच्या ताऱ्यावरून दिलेल्या शिवीला उत्तर यायला साडेआठ वर्षं लागावीत तिथे हे दोघे चटाचटा बोलतायत. सरांचं म्हणणं, हा उशीर लेखकाने वापरला असता तर तेच भांडण कुणी कधी वाचलं नसेल असं झालं असतं. शिवी देणारा तोवर म्हातारा, ऐकणारा कदाचित बदललेला. हे मला फार पटलं.

आता माझं मत. मला आवडली, आणि पाण्यामुळे आवडली. यानात पाण्याचा हिशोब आहे: श्वासातली वाफ, घाम, लघवी, सगळं गाळून परत प्यायचं. हे काल्पनिक नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर ९८ टक्के पाणी असं परत मिळवता येतं, असं नासाने २०२३ मध्ये सांगितलं. कादंबरीत यंत्रज्ञ आणि वैमानिक बाई एकमेकांशी बोलणं टाकतात, पण पितात एकमेकांचंच पाणी. मे महिन्यात टँकरची शिट्टी ऐकून बादल्या मांडणाऱ्या माणसाला हे प्रकरण वेगळं लागतं. कोण किती भरतं यावरून आमच्या जिन्यात झालेली भांडणं मला आठवली. एवढ्या मतांमध्ये एकानेही या पाण्याचा उल्लेख केलेला नाही.

झोडपणाऱ्यांशी मी दोन ठिकाणी सहमत आहे. ती वैमानिक बाई पहिली शंभर पानं यानातली सगळ्यात हुशार असते. मुलगा जरा मोठा झाला की तिला अचानक काही सुचेनासं होतं आणि तिची सुटका करावी लागते. आणि एका ग्रहावरचे सगळे एकाच स्वभावाचे. लढवय्यांचा ग्रह, व्यापाऱ्यांचा ग्रह. अख्ख्या ग्रहाला एक भाषा, एक हवा. माझ्या ट्रान्स-हार्बरच्या डब्यात ऐरोली येईपर्यंत पाच भाषांत भांडण ऐकू येतं. हे मात्र आळशीपण आहे, त्याला दशावताराचा दाखला देऊन वाचवता येणार नाही.

म्हणून मतं वाचताना मी आता एवढंच बघते, की लिहिणाऱ्याने एखादा प्रसंग सांगितलाय का. 'घिसंपिटं' किंवा 'अप्रतिम' एवढंच असेल तर पुढे सरकते. अमुक प्रसंगात म्हातारा असा का मेला, असं विचारणारा माणूस दोन तारे देवो की पाच, त्याने पुस्तक वाचलेलं असतं. यावरून आठवलं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी आपली कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली होती, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. नाव बघून कोणी बक्षीस देऊ नये म्हणून. बक्षीस मिळालंच. तुम्हीही त्या पुस्तकाचे तारे झाकून आवडलेली पानं एकदा परत वाचा. परत वाचतानाही थांबावंसं वाटलं तर लोकांच्या यादीत ते पान का नाही, हा प्रश्न लोकांना विचारायचा, स्वतःला नाही.

आणि नाव कळवाच. पुढच्या महिन्याचं पुस्तक अजून ठरलेलं नाही. फक्त म्हातारा जगतो की मरतो ते मला वेगळं सांगा, सासूबाईंनी या वेळी सरांशी पैज लावलीय.