सगळं फोनवर दिसत असताना कला, फॅशन आणि शहर यांवर छापील मासिक काढण्यात अर्थ आहे का?

तुम्ही विचारलंय की तुम्ही तिघं मिळून कला, फॅशन आणि शहरातलं जगणं यांवर स्वतंत्र मासिक काढायचं म्हणताय, तर आजच्या काळात ते छापावं का आणि सुरुवात कुठून करावी.

आधी 'मासिक' हा शब्द डोक्यातून काढा. मी अशाच एका नियतकालिकाची मांडणी आणि छपाई सहा अंक सांभाळली. वर्षाला दोन अंक काढायचे असं ठरलं होतं, तरी सहा अंकांना चार वर्षं लागली. नोकऱ्या सांभाळून तीन माणसांनी दर महिन्याला अंक काढायचा म्हटलं तर तिसऱ्या अंकापर्यंत मैत्रीही उरत नाही. सहामाही काढा, किंवा सरळ 'अनियतकालिक' म्हणा. त्यात काही कमीपणा नाही. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' हे ब्रिटिश मासिक १९९१ मध्ये सुरू झालं तेव्हा ते घडी घातलेलं कृष्णधवल पोस्टर होतं आणि जमेल तेव्हा निघायचं.

आता छापावं का? माझ्या मते छापावं, पण तुम्ही समजताय त्या कारणासाठी नाही. 'कागदावर फोटो सुंदर दिसतात' हे मला फारसं पटत नाही. फोनच्या पडद्यावर ते जास्त उजळ दिसतात. कागदाचा फायदा वेगळा आहे. फोटो, त्याखालची ओळ, शेजारचा लेख आणि मागच्या पानावरची जाहिरात हे सगळं एकत्र राहतं. वीस वर्षांनी कोणी अंक उघडला तर त्या वेळचं शहर त्याला सलग सापडतं. फोनवर फोटो एकीकडे भटकतो आणि माहिती दुसरीकडे हरवते.

म्हणूनच माझा सगळा जोर फोटोखालच्या ओळींवर असतो. लंडनमध्ये टेरी जोन्स यांनी १९८० मध्ये 'आय-डी' सुरू केलं. हा माणूस आधी ब्रिटिश 'व्होग'चा कला-दिग्दर्शक होता, म्हणजे गुळगुळीत अंक कसा काढतात हे त्याला पुरेपूर ठाऊक होतं. तरी सुरुवातीचा अंक स्टेपल मारलेला, टाइप केलेल्या मजकुराचा. त्यात रस्त्यावरची माणसं भिंतीपुढे सरळ उभी, डोक्यापासून बुटापर्यंत, आणि सोबत त्यांनी काय घातलंय, कुठून घेतलंय याची माहिती. तोकियोत शोइची आओकी यांनी १९९७ मध्ये 'फ्रूट्स' काढलं, तेही याच वाटेवरचं. हाराजुकू भागातली पोरं, त्यांचं वय, ती काय करतात, अंगावरची कोणती वस्तू कुठली. २०१७ मध्ये त्यांनी अंक बंद केला आणि कारण दिलं की फोटो काढावेत अशी पोरं आता दिसत नाहीत. मला हे कारण फार आवडतं. अंक बंद करायला पैशांखेरीजही कारण असू शकतं, हे त्या आधी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आमचा एक अनुभव सांगतो. दुसऱ्या अंकासाठी बसस्टॉपवर उभ्या एका मुलीचा फोटो घेतला. अंगात ढगळ कोट, खांद्याची शिवण दंडावर उतरलेली. आमच्या फोटोग्राफरने फोटो काढला आणि निघाला. मी सवयीने विचारलं, कोट कुठला? ती म्हणाली आजोबांचा, आणि बटणं सोडून आतली बाजू दाखवली. अस्तर फाटलं म्हणून तिने घरातला जुना पडदा कापून स्वतः नवं लावलं होतं. फुलांचा पडदा, त्याची वरची दुमड तशीच ठेवून तिने आतला खिसा केला होता. बसचा पास त्या खिशात. दुसरा फोटो अस्तराचा घेतला, तोच छापला. पुढे नाटकांच्या वेशभूषेचं शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने नेमकं तेच पान मागून घेतलं. तिला फोटोपेक्षा त्याखालच्या चार ओळी हव्या होत्या.

तेव्हा नियम करा: नाव (संमती असेल तर), काम, कुठे उभं होतं, कपडा कुठून आला, त्यात स्वतः काय बदललं. संमती लेखी घ्या. अंक एकदा छापला की फोटो मागे घेता येत नाही, आणि समोरच्याला आज मजेशीर वाटणारी गोष्ट उद्या नोकरीच्या मुलाखतीत अडचणीची ठरू शकते.

आता छापखाना. इथे नवखी माणसं सर्वांत जास्त पैसे घालवतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. अंक पानांनी नाही, फर्म्यांनी मोजतात. १६ पानांचा एक फर्मा, म्हणजे मोठ्या शीटच्या एका बाजूला ८ पानं, दुसऱ्या बाजूला ८. ऑफसेटला, म्हणजे धातूच्या प्लेटींवरून होणाऱ्या छपाईला, दर रंगाला एक प्लेट लागते. चार रंगांसाठी प्रत्येक बाजूला ४ प्लेटी, एका फर्म्याला ८. तुमचा अंक ९६ पानांचा असेल तर ६ फर्मे, ४८ प्लेटी, मुखपृष्ठाच्या वेगळ्या. त्यातले दोन फर्मे फक्त काळ्या शाईत छापलेत तर त्या दोघांना मिळून ४ प्लेटी लागतात आणि एकूण आकडा ३६ वर येतो. आम्ही लांब मुलाखती आणि निबंध त्या दोन फर्म्यांत टाकायचो. लोकांना वाटायचं मोठा विचार करून केलेली मांडणी आहे. होता तो हिशोबच.

आणखी एक, ९८ पानं असा अंक नसतो. दोन पानांचा मजकूर जास्त झाला तर कापा. त्या कापण्यातच संपादन शिकाल. ऑनलाइन कधीच कुणाला नाही म्हणावं लागत नाही, म्हणून तिथे सगळंच थोडं लांबतं.

प्लेटी आणि मशीन लावण्याचा खर्च शंभर प्रतींना तेवढाच आणि हजारांना तेवढाच, म्हणून ऑफसेटवर प्रती वाढल्या की एका प्रतीचा खर्च उतरतो. या गणिताला भुलू नका. स्वस्त पडलेल्या जास्तीच्या प्रती पलंगाखाली राहतात. पहिल्या अंकाच्या दोनशे-तीनशे प्रतीच हव्या असतील तर डिजिटल छपाई करा, तिथे प्लेटच नसते. रिसोग्राफ, म्हणजे स्टेन्सिलवरून छापणारं कॉपियरसारखं यंत्र, तेही मजेदार, एका वेळी एक रंग चढतो, रंग थोडे सरकतात. पण त्याची शाई पूर्ण वाळत नाही, वाचणाऱ्याची बोटं काळी होतात हे लक्षात घ्या.

माझ्या दोन चुका सांगतो, दोन्ही माझ्याच. बिनचकाकीचा कागद हाताला छान लागतो म्हणून आख्खा अंक त्यावर घेतला. असा कागद शाई पितो, फोटो ज्या बारीक ठिपक्यांनी छापतात ते पसरतात. रात्रीच्या रस्त्यांची फोटोमालिका होती, स्क्रीनवर सावल्यांतही माणसं दिसत होती, छापून आल्यावर नुसता काळा चिखल. पुढच्या वेळी सावल्या आधीच उजळल्या आणि त्याच कागदाच्या शीटवर प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, काढून घेतलं. दुसरी चूक, दोन पानांवर पसरलेला चेहरा. आम्ही परफेक्ट बाइंडिंग केलं होतं, म्हणजे पाठीला गोंद. असा अंक पूर्ण सपाट उघडत नाही, मधल्या घडीत दोन्ही बाजूंचे काही मिलिमीटर गडप होतात. आमच्या चित्रकाराचं नाक गेलं. तो हसला, हे त्याचं मोठेपण. पानं कमी असतील तर मधोमध पिन मारलेला अंक सपाट उघडतो, फक्त त्याची पानं चारच्या पटीत लागतात.

विक्रीबद्दल थोडक्यात. दुकानं बहुधा प्रती ठेवून घेतात, खपलेल्यांचेच पैसे देतात, त्यातून आपला वाटा कापतात आणि उरलेल्या परत करतात. हे पैसे हातात यायला कित्येक महिने लागतात, तोवर पुढच्या अंकाच्या कागदाचं बिल आलेलं असतं. त्यामुळे पहिल्या अंकाच्या आधीच दोन अंकांची वर्गणी घ्यायला लागा. पहिला अंक ओळखीचे लोक कौतुकाने घेतात. दुसऱ्या अंकाला कोण पैसे देतं, तो तुमचा खरा वाचक.

जाहिराती घ्या, त्यात सोवळं पाळू नका. जुन्या अंकांत मी तरी जाहिरातीच आधी बघतो. मात्र ज्याची जाहिरात आहे त्याच्याच कपड्यांवर त्याच अंकात लेख नको, हे तिघांनी आत्ताच कागदावर लिहून ठेवा. नंतर पैशांची निकड असताना हे ठरत नाही.

आणि सुरुवात? आज संध्याकाळी साधे कागद घडी करून ९६ पानांची डमी बनवा. पानांवर १ ते ९६ आकडे टाका आणि प्रत्येक पानावर पेन्सिलने लिहा, इथे काय येणार आणि ते कोण देणार. 'लेख' असं लिहू नका, माणसाचं नाव लिहा. चाळिसाव्या पानावर अडलात तर ४८ पानांचा अंक काढा.