पीसी एचडीएमआयने टीव्हीला, टीव्हीतून ऑप्टिकलने रिसीव्हरला जोडलाय. ५.१ आवाज का येत नाही?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलेली जोडणी अशी: सिनेमांसाठी टीव्हीशेजारी ठेवलेला पीसी, त्याची एचडीएमआय टीव्हीत, आणि टीव्हीच्या मागच्या ऑप्टिकल (प्रकाशातून आवाज नेणाऱ्या) सॉकेटातून एक वायर रिसीव्हरला, म्हणजे सगळे स्पीकर वाजवणाऱ्या ॲम्प्लिफायरला. चित्र झकास आहे, आवाजही येतो, पण मागचे स्पीकर 'नुसते कुजबुजतात' आणि रिसीव्हर बिघडलाय का, असं तुम्ही विचारलंय.

रिसीव्हर बहुतेक ठणठणीत असावा. गडबड मधल्या टीव्हीत आहे. पण केबल उपसायच्या आधी एक काम करा. ५.१ (पुढचे तीन, मागचे दोन आणि सबवूफर असे सहा चॅनेल) असलेला सिनेमा लावा आणि रिसीव्हरच्या डिस्प्लेवर काय लिहिलंय ते वाचा. कानांवर विसंबू नका.

मी स्वतः फसलोय म्हणून हे सांगतोय. माझ्याकडे हीच जोडणी होती. पाचही स्पीकर वाजायचे, सिनेमात पाऊस पडला की मागूनही थोडी सरसर यायची, आणि मी महिनाभर आल्यागेल्याला सोफ्यावर बसवून ऐकवत होतो. मग एका रविवारी भाचा आला. तो सोफ्यावर न बसता रिसीव्हरपुढे उकिडवा बसला, डिस्प्ले वाचला आणि म्हणाला, "मामा, इथे पीसीएम लिहिलंय आणि शेजारी प्रोलॉजिक. याने दोनाचे पाच केलेत." त्याने रिमोटवरचं 'स्ट्रेट' बटण दाबलं. सेंटर गप्प, मागचे दोन्ही गप्प. उरले फक्त पुढचे डावे-उजवे. महिनाभर मी स्टिरिओच ऐकत होतो, रिसीव्हरने पसरून दिलेला.

म्हणजे सगळे स्पीकर वाजतात याचा अर्थ सराउंड येतोय असा होत नाही. रिसीव्हरला दोन चॅनेल दिले तरी तो त्यातून सेंटर आणि मागचा आवाज अंदाजाने काढतो; प्रोलॉजिक म्हणजे हेच. बरा काढतो, म्हणूनच फसायला होतं. डिस्प्लेवर 'डॉल्बी डिजिटल' किंवा 'डीटीएस' (दोन्ही आवाज दाबून, घडी घालून पाठवायच्या पद्धती) आलं, किंवा पीसीएमपुढे (म्हणजे घडी न घातलेला, कच्चा आवाज) ५.१ अथवा ३/२.१ असं आलं, तर खरं. नुसतं पीसीएम किंवा २.० असेल तर रिसीव्हरपर्यंत दोनच चॅनेल येताहेत.

आता टीव्ही काय घोळ घालतो ते बघू. एचडीएमआयची केबल लावली की पलीकडचं उपकरण पीसीला आपलं ओळखपत्र दाखवतं. त्याला ईडीआयडी म्हणतात. मी अमुक रिझोल्यूशन दाखवतो, अमुक प्रकारचा आवाज घेतो, असं त्यात लिहिलेलं असतं. टीव्हीला स्वतःचे दोनच स्पीकर, त्यामुळे बरेच टीव्ही 'मी स्टिरिओ' एवढंच सांगतात. पीसी बिचारा त्यावर विश्वास ठेवतो आणि सहाचे दोन करून पाठवतो. विंडोजमध्ये स्पीकर मांडणीच्या यादीत फक्त 'स्टिरिओ' दिसतं, ते यामुळे. ड्रायव्हर चार वेळा टाकून काही होत नाही. मी टाकलाय. शिवाय, टीव्हीने ५.१ घेतलं तरी एचडीएमआयमधून आलेला आवाज ऑप्टिकलमधून बाहेर सोडताना त्याचा स्टिरिओ करणारे टीव्हीही पुष्कळ आहेत. टीव्हीच्या मेनूत डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वरून 'बिटस्ट्रीम' किंवा 'पासथ्रू'वर (म्हणजे घडी घातलेला आवाज न उलगडता तसाच पुढे देणं) करून बघा. एखाद्याचं तेवढ्यात भागतं.

नाही भागलं तर टीव्हीला आवाजाच्या वाटेतून काढा. त्याला फक्त चित्र दाखवू दे.

रिसीव्हरला एचडीएमआय इनपुट असेल तर पीसीची केबल थेट रिसीव्हरमध्ये आणि रिसीव्हरच्या आउटमधून दुसरी टीव्हीला. आता पीसीला रिसीव्हरचं ओळखपत्र दिसतं. टास्कबारवरच्या स्पीकरवर राइट क्लिक करून साउंड सेटिंग्ज, तिथे खाली 'मोर साउंड सेटिंग्ज'. जुनी खिडकी उघडेल. त्यात रिसीव्हरच्या नावाचं किंवा ग्राफिक्स कार्डाच्या नावाचं उपकरण निवडून ते डिफॉल्ट करा. एचडीएमआयचा आवाज मदरबोर्डच्या साउंड चिपमधून येत नाही, ग्राफिक्सकडून येतो. लोक 'रिअलटेक' (मदरबोर्डची साउंड चिप) निवडून ठेवतात आणि तासभर शांतता ऐकत बसतात. मग 'कॉन्फिगर' दाबा, ५.१ निवडा आणि चित्रातल्या एकेका स्पीकरवर क्लिक करा. डाव्या मागच्यावर क्लिक केल्यावर उजवीकडून आवाज आला तर स्पीकरच्या वायरी उलट आहेत. हे वाटतं त्यापेक्षा जास्त घरांत असतं.

एवढं झालं की पीसीवरचं सगळंच ५.१ मध्ये जाऊ शकतं, गेमसुद्धा. कारण एचडीएमआयमधून पहिल्या आवृत्तीपासूनच आठ चॅनेलपर्यंतचा मोकळा पीसीएम आवाज जातो. इथे लोक हमखास विचारतात की डीकोड, म्हणजे घडी उलगडायचं काम, पीसीने करावं की रिसीव्हरने. माझं मत स्पष्ट आहे: पीसीला करू द्या, पासथ्रू बंद ठेवा. ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे लॉसलेस, म्हणजे घडी घालताना काहीच न गमावणारे, प्रकार आहेत, कुणीही उलगडले तरी तेच आकडे बाहेर येतात. पासथ्रू लागतो तो छताला स्पीकर लावून ॲटमॉस (डॉल्बीचा वरूनही आवाज देणारा प्रकार) ऐकणाऱ्याला, कारण ॲटमॉसची माहिती पीसीने उलगडताना सांडते. तुमच्याकडे पाच स्पीकर आणि एक सबवूफर आहे असं लिहिलंय. तेव्हा सोडून द्या.

एक काळजी मात्र घ्या. सुरुवातीच्या काळातले काही रिसीव्हर एचडीएमआय नुसती इकडून तिकडे देतात, त्यातला आवाज स्वतः उचलत नाहीत. मागे चार सॉकेटं दिसतात, पण आत ते फक्त स्विचचं काम करतात. ट्रूएचडी न उलगडता नेण्याची सोय तर २००६ च्या एचडीएमआय १.३ मध्ये आली. सेकंडहँड घेतला असेल तर मॅन्युअल बघा.

दुसरी अडचण चित्राची. टीव्ही फोर-के आणि रिसीव्हर जुना असेल तर तो फोर-के पुढे जाऊ देत नाही. मग ग्राफिक्स कार्डाची एक एचडीएमआय टीव्हीला आणि दुसरी रिसीव्हरला देता येते. चालतं, पण विंडोज रिसीव्हरला दुसरा मॉनिटर समजतं. आमच्याकडे माउस उजव्या कडेवरून त्या न दिसणाऱ्या पडद्यावर निघून जायचा आणि बायको म्हणायची, "तुझं ते क्रोम आत्ता इथे होतं, गेलं कुठे?" त्या भुताटकी पडद्याचं रिझोल्यूशन सगळ्यात कमी ठेवा आणि डिस्प्ले सेटिंग्जमध्ये त्याला ओढून टीव्हीच्या कोपऱ्याला जेमतेम टेकवा. मग माउस सहसा तिकडे जात नाही.

आता रिसीव्हरला एचडीएमआयच नसेल तर. तुम्ही मॉडेल लिहिलेलं नाही, म्हणून हेही सांगतो, आणि जरा सविस्तर, कारण खरी डोकेदुखी इथे आहे.

पीसीच्या मदरबोर्डवर ऑप्टिकल सॉकेट असेल (केबल नसताना आत लाल उजेड दिसतो), तर तिथून थेट रिसीव्हरच्या ऑप्टिकलला वायर जोडा. मी पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणली होती. सोन्याचा मुलामा असलेली महागडी घेऊ नका. आतून प्रकाश जातो, मुलाम्याचा त्याला काय उपयोग?

पण या वायरीच्या पद्धतीत कच्च्या आवाजाला दोनच चॅनेलची जागा आहे. हिशोब सोपा आहे. ४८,००० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनेल: सेकंदाला साधारण १५ लाख बिट. एवढ्याच जागेत घडी घातलेलं डॉल्बी डिजिटल आरामात बसतं, कारण डीव्हीडीवरचं ५.१ सहसा सेकंदाला ३८४ किंवा ४४८ किलोबिटचं असतं. म्हणजे सहा चॅनेल न्यायचे तर घडी घातलेलेच न्यावे लागतात आणि रिसीव्हरने ते उलगडायचे. विंडोजमध्ये ऑप्टिकल आउटपुटला ५.१ निवडता येत नाही, ते याच कारणाने. ते शोधत बसू नका. पासथ्रू इथे हवाच.

सिनेमे बघायला मी कोडी हा प्लेअर वापरतो. त्यात सेटिंग्ज, सिस्टिम, ऑडिओ. डाव्या खालच्या कोपऱ्यात पातळी 'एक्स्पर्ट' करा, नाहीतर निम्मी सेटिंगं दिसतच नाहीत. आउटपुट म्हणून 'वासापी'ने सुरू होणारं ऑप्टिकलचं नाव निवडा. मग चॅनेल संख्या २.० ठेवा. हो, २.०. ५.१ हवंय आणि २.० कशाला, म्हणून सगळे इथेच चुकतात, मीही चुकलो. हा आकडा कच्च्या आवाजाचा आहे, आणि कच्चे दोनच जातात. मग 'अलाऊ पासथ्रू' चालू करा आणि 'डॉल्बी डिजिटल' व 'डीटीएस' या दोनच प्रकारांवर खूण करा. ट्रूएचडी आणि डॉल्बी डिजिटल प्लस बंदच ठेवा, ते या वायरीतून जात नाहीत. शेवटी 'डॉल्बी डिजिटल ट्रान्सकोडिंग' चालू करा. चॅनेल २.० असतील तरच हा पर्याय हाती लागतो.

ट्रान्सकोडिंग का? सगळ्या फाइलींत डॉल्बी नसतं. एएसी ५.१ असतं, ट्रूएचडी असतं. रिसीव्हरला यातलं काही ऑप्टिकलवरून समजत नाही. कोडी ते उलगडून पुन्हा डॉल्बी डिजिटलची घडी घालून पाठवतो. 'एका सिनेमाला सराउंड येतो आणि दुसऱ्याला नाही' ही तक्रार बहुतेक वेळा इथलीच असते. डीटीएस-एचडीचं मात्र सोपं आहे. त्याच्या पोटात साधा डीटीएसचा गाभा असतो, तेवढाच वायरीतून जातो आणि मागचे स्पीकर बोलतात.

व्हीएलसी या दुसऱ्या प्लेअरमध्ये पासथ्रूची सोय प्रेफरन्सेसमधल्या ऑडिओच्या पानावर आहे, ट्रान्सकोडिंगचं सुख मात्र कोडीसारखं नाही. गेमसाठी साउंड कार्डात 'डॉल्बी डिजिटल लाइव्ह' किंवा 'डीटीएस कनेक्ट' लागतं, कारण गेमचा आवाज त्या क्षणी तयार होतो आणि त्याची घडी तिथल्या तिथे घालावी लागते. ब्राउझरमधून बघत असाल तर बऱ्याचदा मुळातच दोन चॅनेल येतात, रिसीव्हरला दोष देऊ नका.

पासथ्रू चालू झाला की दोन गोष्टींनी दचकू नका. विंडोजचा व्हॉल्यूम हलवून आवाज कमी-जास्त होत नाही, रिसीव्हरचाच रिमोट लागतो. उलट, ही चांगली खूण आहे: व्हॉल्यूम पट्टी निकामी झाली म्हणजे बिटस्ट्रीम खरंच जातेय. आणि सिनेमा सुरू करताना पहिलं अर्धं-एक सेकंद आवाज गायब असतो. नवी बिटस्ट्रीम ओळखायला रिसीव्हर तेवढा वेळ घेतो.

ऑप्टिकल सॉकेटही नसेल तर मदरबोर्डच्या हिरव्या, काळ्या आणि केशरी जॅकमधून तीन वायरी रिसीव्हरच्या सहा पिनांच्या मल्टिचॅनेल इनपुटला जातात. हिरवा पुढचा, काळा मागचा, केशरी सेंटर आणि सबवूफर. संवाद सबवूफरमधून घुमायला लागले तर केशरीच्या दोन पिना अदलाबदल करा. हा मार्ग बावळट दिसतो, पण गेमसकट सगळं ५.१ मध्ये देतो. फक्त यात घरघर घुसते.

घरघरीचं कारण बऱ्याचदा भलतंच निघतं. आमच्याकडे रिसीव्हरमधून सतत बारीक 'घूंऽऽ' यायचं. पीसीला तीन पिनी प्लग, त्याचं अर्थिंग एकीकडे. गच्चीवरून आलेली केबल टीव्हीची वायर, तिचं जमिनीशी नातं दुसरीकडे. दोन्ही टीव्हीपाशी भेटत होती. सेटटॉप बॉक्सच्या मागची केबल उपसली आणि घूं बंद. तुम्हीही तेवढी वायर काढून बघा. पीसीच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कुणी सांगितलं तरी तोडू नका, शॉक बसेल. ऑप्टिकल वायरीतून वीज जात नाही, त्यामुळे पीसी आणि रिसीव्हरमध्ये फक्त तीच असेल तर ही घरघर त्या वाटेने येतच नाही. जुनाट म्हणून हिणवली जाणारी ही वायर मला म्हणूनच आवडते.

आणि हो, नवी ऑप्टिकल केबल आणलीत तर तिच्या दोन्ही टोकांची इवलीशी पारदर्शक टोपी आधी काढा. ती काचेसारखी असते, दिसत नाही. मी वायर आत बसेना म्हणून सॉकेटालाच शिव्या घालत, स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो होतो.