तुतनखामेनचं काय: थडगं, कबर, मकबरा की समाधी?

एका वाचकाचा प्रश्न आहे: 'मुलांच्या अंकासाठी प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्यावरच्या इंग्रजी लेखाचा अनुवाद करतोय. मूळ लेखात सगळीकडे 'टूम' (tomb) आहे. मराठीत कुणी थडगं लिहितं, कुणी कबर, कुणी समाधी. एका ठिकाणी तर चक्क पिरॅमिड वाचलं. कोणता शब्द घ्यावा? आणि उत्खनन म्हणावं की खोदकाम?'

थडगं घ्या. पहिल्यांदा 'खडकात कोरलेलं थडगं' लिहा, पुढे नुसतं थडगं पुरेल. मूळ शब्द तसाच ठेवू नका, मराठीत निघते ती टूम वेगळी.

पिरॅमिड तर सरळ खोडून टाका. तुतनखामेनला पिरॅमिड नव्हताच. गिझाचे पिरॅमिड कैरोजवळ आहेत आणि त्याच्या आधी सुमारे 1200 वर्षं बांधलेले आहेत. तो पुरला गेला कैरोच्या दक्षिणेला साधारण 500 किलोमीटरवर, लक्सरसमोर नाईलच्या पश्चिम तीरावर, जिथे राजांची थडगी डोंगराच्या पोटात कोरत. या जागेचं अरबी नाव 'वादी अल-मुलूक'. यातलं मुलूक हे 'मलिक' म्हणजे राजा या शब्दाचं अनेकवचन. आपला मुलूख त्याच धातूतून आला असला तरी इथे अर्थ 'राजांची' असाच आहे. वादीसाठी 'खोरं' नको, खोरं म्हटलं की वाहती नदी आणि हिरवी शेतं डोळ्यांसमोर येतात. ही कोरडी ठणठणीत जागा आहे. 'राजांची दरी' चालेल. मला स्वतःला 'घळ' जास्त आवडेल, पण तो हट्ट मी धरत नाही.

आता उरलेले तीन शब्द. समाधी का नको? समाधी संत घेतात, किंवा थोरांची बांधली जाते. तिथे देह पुरलेला असायलाच हवा असंही नाही. रायगडावर महाराजांच्या देहाला अग्नी दिला गेला, तरी आपण समाधीच म्हणतो. त्या शब्दात वंदन आहे. इजिप्तच्या राजाला ते वंदन उसनं देण्याचं कारण दिसत नाही. कबर अर्थाने जवळची आहे, पण मराठी कानाला ती जमिनीत खणलेली, एका माणसापुरती जागा वाटते. तुतनखामेनकडे 16 पायऱ्या, एक बोळ आणि चार खोल्या आहेत.

मकबऱ्याची गोष्ट गमतीची आहे. शब्दाच्या मुळाशी गेलं तर तोच सगळ्यात बरोबर ठरावा, कारण इजिप्तचे लोक आज या जागेला अरबीत 'मक्बरा'च म्हणतात. पण आपल्याकडे हा शब्द औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याला असा चिकटला आहे की घुमट, मिनार आणि बाग आल्याशिवाय तो पुरा होत नाही. राजांच्या दरीत तर बाहेरून काही दिसूच नये अशी योजना होती. शब्द तिथलाच असूनही इथल्या वाचकाला चुकीचं चित्र दाखवील.

थडगं या सगळ्यांत तटस्थ आहे. धर्म सांगत नाही, आकार सांगत नाही, मान किंवा अपमानही सांगत नाही. अडचण एकच, थडग्यात कुणीतरी असायला हवं अशी आपली अपेक्षा असते. तुतनखामेनच्या बाबतीत ती पूर्ण होते. त्याची ममी अजून तिथेच आहे. पण दुसरा थुटमोस या इजिप्तच्याच आणखी एका राजाचं थडगं सापडल्याचं 2025 मध्ये जाहीर झालं, ते रिकामं होतं. पाणी शिरल्यामुळे तिथलं सामान प्राचीन काळीच हलवलेलं, आणि त्याची मानली जाणारी ममी तर 1881 मध्येच लक्सरजवळच्या देर अल-बहारीला, लपवून ठेवलेल्या ममींच्या साठ्यात सापडलेली. तिथे 'रिकामं थडगं' असं स्पष्ट म्हणावं.

उत्खनन आणि खोदकाम यांत मात्र मी दोन्ही वापरीन, पण जागा पाहून. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरने 1917 पासून त्या दरीत खडक लागेपर्यंत राडारोडा उपसला. हे खोदकाम. नंतरचा राजा सहावा रामसेस याचं थडगं कोरणाऱ्या कामगारांच्या झोपड्यांखाली 4 नोव्हेंबर 1922 ला पहिली पायरी लागली. पायऱ्या मोकळ्या केल्या, बोळातली भर उपसली, इथवरही खोदकामच. दुसऱ्या दाराच्या आत गेल्यावर खोदण्यासारखं काही उरलंच नाही. पुढची जवळजवळ दहा वर्षं गेली ती 5,398 वस्तू जागच्या जागी टिपण्यात, हॅरी बर्टनने त्यांचे फोटो काढण्यात, ठिसूळ झालेल्या लाकडाला-कापडाला मेण देऊन सावरण्यात आणि एकेक बाहेर आणण्यात. तेव्हा सगळ्या मोहिमेला उत्खनन म्हणा. पण 'खोल्यांचं उत्खनन केलं' लिहू नका, 'खोल्या रिकाम्या केल्या' लिहा. क्रियापदही सांभाळा. कार्टरने थडगं उघडलं. त्याच्या तीन हजार वर्षं आधी चोर किमान दोनदा आत शिरले, त्यांनी ते फोडलं. घरफोडीतलंच फोडणं.

खोल्यांच्या नावांत वाड्यातले शब्द कामाला येतात. पहिली ती बाहेरची खोली, तिला लागून कोठी. सगळ्यात आतल्या मौल्यवान सामानाच्या खोलीला 'कोषागार' लिहिलेलं दिसतं. 'जामदारखाना' लिहून पाहा, मुलांनाही शब्द कळेल. देह ठेवलेल्या खोलीला 'गर्भगृह' नको, ते देवळात राहू द्या. दफनाची खोली म्हणा. इजिप्शियन लोक स्वतः तिला 'सोन्याचं घर' म्हणत. चौथ्या रामसेसच्या थडग्याचा पपायरसवर, म्हणजे तिथल्या जुन्या कागदावर, काढलेला आराखडा इटलीतल्या तुरीनच्या संग्रहालयात आहे, त्यावर हे नाव लिहिलेलं आहे.

त्या खोलीत एकात एक अशी चार सोन्याने मढवलेली लाकडी घरं होती, सगळ्यात बाहेरचं सुमारे 5 मीटर लांब. इंग्रजीत त्यांना देवघराचा शब्द आहे म्हणून मराठीत 'देव्हारे' होऊन बसतात. मग मुलं विचारणार, आत देव कोणता? 'मढवलेल्या लाकडी खोल्या' म्हणा. त्यांच्या आत दगडी शवपेटी, तिच्यात एकात एक तीन शवपेट्या, शेवटची भरीव सोन्याची, 110 किलोच्या आसपास.

तुमच्या लेखात मजुरांच्या प्रमुखाला 'रईस' म्हटलेलं असेल, तर तो शब्द तसाच उतरवू नका. तिथे त्याचा अर्थ टोळीचा म्होरक्या असा आहे. आपल्या रईसाला पैशाचा वास येतो. मुकादम लिहा. तोही मूळचा अरबीच.