गणपतीला घरी येताना अपघात झाला, तर टीए (टेरिटोरियल आर्मी) जवानाला अपंगत्व पेन्शन मिळते का?

प्रश्न: माझे यजमान टेरिटोरियल आर्मीत (गरजेनुसार सेवेत बोलावलं जाणारं अर्धवेळ सैन्य) होते. काश्मीरला एम्बॉडीड (प्रत्यक्ष सेवेत बोलावलेले) असताना २०२१ च्या गणपतीला रजेवर निघाले. कणकवली स्टेशनला उतरून आचऱ्याला घरी येताना रिक्षा उलटली आणि पाय कायमचा अधू झाला. २०२२ मध्ये ४० टक्के अपंगत्व लावून बोर्ड आउट केलं, म्हणजे वैद्यकीय कारणाने सेवेतून काढलं. २०२३ मध्ये पत्र आलं की अपघात रजेवरचा, सेवेशी संबंध नाही, म्हणून पेन्शन नाही. शिवाय भरतीच्या वेळी ‘जादा पेन्शन मागणार नाही’ असं लिहून दिलंय. आता काही होईल का?

उत्तर: ताई, होण्यासारखं आहे. टीए आणि लिहून दिलेला कागद, हे दोन्ही मुद्दे सर्वोच्च न्यायालयाने पानी राम खटल्यात (१७ डिसेंबर २०२१) निकाली काढलेत. तो जवानही टीएचाच, रजेवर घरी जाताना अपघात होऊन पाय गमावलेला. नियमित सैन्याचेच पेन्शन नियम टीएलाही लागू, आणि नोकरीसाठी करून घेतलेली अशी सही आड येत नाही, असं न्यायालयाने ठरवलं.

तुमची खरी लढाई ‘रजेवर’ या शब्दाशी आहे. युनिटमधून घरी येण्याचा प्रवास वेगळा आणि रजेत घरी असताना केलेली भटकंती वेगळी. जुझार सिंग खटल्यात (२०११) रजेवर असताना स्कूटरचा अपघात झाला होता, तिथे पेन्शन नाकारली गेली. म्हणून यजमान थेट घरीच येत होते, हे कागदांनी दाखवावं लागेल: घरचा पत्ता असलेलं लीव्ह सर्टिफिकेट, कणकवलीपर्यंतचं तिकीट किंवा वॉरंट (लष्कराचा प्रवास पास), गाडी पोचल्याची वेळ आणि रुग्णालयाच्या एमएलसी (अपघातासारख्या पोलिसी प्रकरणांच्या) रजिस्टरमधली वेळ. दोन वेळांत तासा-दीड तासाचंच अंतर असेल तर बाजू भक्कम. मध्ये कुणाकडे वळसा घेतला असेल तर वकिलाला आधीच सांगा, समोरचे शोधतातच. रिक्षावाला गावचाच म्हणून पोलिसांत गेलाच नसाल (आपल्याकडे हे नेहमीचं), तर एमएलसीची नोंद आणि डिस्चार्ज कार्ड यांच्यावरच भिस्त.

जवानांचे कागद ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज पाठवून कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा (अपघाताच्या लष्करी चौकशीचा) निष्कर्ष, आयएएफवाय-२००६ हा इजा अहवाल, मेडिकल बोर्डाची कार्यवाही आणि एम्बॉडिमेंटचे पार्ट टू ऑर्डर (सेवेच्या नोंदीचे आदेश) मागा. इन्क्वायरीत ‘सेवेशी निगडित’ असा शेरा असेल तर निम्मं काम झालं.

नकाराच्या पत्राविरुद्ध पहिल्या अपिलाची सहा महिन्यांची मुदत टळली आहे. तरी विलंबमाफीच्या विनंतीसह अपील पाठवाच, रजिस्टर्ड पोस्टाने. सहा महिन्यांत निर्णय आला नाही, तर पुढच्या सहा महिन्यांत सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात जाता येतं. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच झालं म्हणून तिकडे धावू नका, या प्रकरणाची पायरी ती नव्हे. पेन्शनचा हक्क उशिराने बुडत नाही, थकबाकी मात्र तरसेम सिंग निकालानुसार (२००८) अर्जाआधीच्या तीनच वर्षांची मिळते. अर्ज जितके महिने लांबेल तितक्या महिन्यांचे सुरुवातीचे पैसे बुडतात.

निकाल बाजूने लागला तर राम अवतार निकालाप्रमाणे (२०१४) ४० टक्क्यांचे ५० धरण्याची मागणी करता येते. अपंगत्वाचा भाग मग शेवटच्या वेतनाच्या १५ टक्के. सर्व्हिस एलिमेंट (केलेल्या सेवेबद्दलचा भाग) वेगळं. वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात यजमानांच्या नावाने अर्ज करा. अपंग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

सेवेमुळे आलेलं अपंगत्व मान्य झालं की टीए जवान माजी सैनिकाच्या व्याख्येत बसतो. तेव्हा पेन्शनचा आदेश हातात आल्या आल्या ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डाचा अर्ज भरा. पायाचे पुढचे उपचार त्यावरच होतील.