रझांच्या प्रिंटसाठी वर्षभर एसआयपी थांबवू का?

नमस्कार ताई,

बाकी वाचणाऱ्यांसाठी आधी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो. वाकडला नवीन टूबीएचके, तुम्ही आणि मिस्टर मिळून महिन्याला 1,42,000 हातात येतात, होम लोनचा हप्ता 58,000, मुलगी पहिलीत, एसआयपी 15,000 ची आणि अडीअडचणीसाठी एफडी धरून 2,40,000 बाजूला. हॉलच्या मोठ्या भिंतीसाठी एका गॅलरीत चित्रकार सय्यद हैदर रझांच्या बिंदूची (त्यांच्या चित्रांत सतत येणारं मोठं वर्तुळ) प्रिंट आवडली, फ्रेमसकट 1,85,000. गॅलरीवाले म्हणाले बारा महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय करून देतो, किंमत दरवर्षी वाढतेच, आणि कधी नको झाली तर आम्हीच परत घेऊ. म्हणून तुमचा विचार असा की वर्षभर एसआयपी थांबवायची, हप्ता जवळपास त्यात बसतो, पैसे काय एका इन्व्हेस्टमेंटमधून दुसऱ्या इन्व्हेस्टमेंटमध्येच चाललेत.

हे शेवटचं मला पटत नाही. बाकी सगळं पटतं. फॉल्स सीलिंग आणि मॉड्युलर किचनला लोक आठ-दहा लाख घालतात आणि भिंतीसाठी ऑनलाइन मिळणारा कुठला तरी पाच तुकड्यांचा घोड्यांचा सेट घेऊन मोकळे होतात, तिथे तुम्हाला रोज बघावंसं वाटेल असं चित्र घरात हवंय, याचा मला खरंच आनंद झाला. पण ताई, हा खर्च आहे. चांगला खर्च आहे, पण खर्चच आहे.

आता त्या प्रिंटकडे बघू, कारण तुम्ही पाठवलेल्या सर्टिफिकेटच्या फोटोतच बरंच काही लिहिलंय. त्यावर आहे, आर्काइव्हल जिक्ले, एडिशन 250 (म्हणजे एकूण 250 प्रती), वर्ष 2018, साइन्ड इन प्लेट. रझा गेले जुलै 2016 मध्ये. म्हणजे ही प्रिंट काढली तेव्हा ते नव्हतेच, खाली दिसते ती सही चित्रासोबत छापून आलेली आहे, त्यांनी त्या कागदाला हात लावलेला नाही. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. आपल्याकडे कॉपीराइट कलाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो, त्यामुळे ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांची लेखी परवानगी असेल तर अशी प्रिंट काढणं कायदेशीरच आहे, ती परवानगी मागून बघाच. पण मग ते मूळ पेंटिंगचं उत्तम दर्जाचं रिप्रॉडक्शन झालं. जिक्ले म्हणजे चांगल्या पिगमेंट शाईने, ॲसिड-फ्री कागदावर इंकजेटने काढलेली प्रिंट, दिसते सुंदर, टिकतेही. पण ते नुसतं छपाईचं काम आहे आणि त्याला छपाईचाच भाव असायला हवा, 1,85,000 नाही.

ओरिजिनल प्रिंट म्हणतात ती वेगळी. एचिंग, लिथोग्राफ, वुडकट, लिनोकट, सेरिग्राफ, ही छापण्याच्या पद्धतींची नावं. यात कलाकार स्वतः प्लेट किंवा ब्लॉक किंवा स्क्रीनसाठी काम करतो, ठरावीक प्रती निघतात, आणि सहसा प्रत्येक प्रतीवर खाली पेन्सिलने एका बाजूला 12/50 असा नंबर आणि दुसऱ्या बाजूला हाताने केलेली सही असते. ए.पी. लिहिलेलं असेल तर ती कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेली प्रत. आपल्याकडचे प्रिंटमेकर घ्या, चित्तप्रसादांचे लिनोकट, कृष्णा रेड्डींची पॅरिसमधली एकाच प्लेटवरून अनेक रंग काढणारी कामं, ज्योती भट्टांच्या प्रिंट्स, ही सगळी मूळ कामंच आहेत, पेंटिंगच्या कॉप्या नाहीत. अर्थात नुसत्या सहीवरही जाऊ नका, साल्वादोर दाली या स्पॅनिश चित्रकाराने म्हातारपणी कोऱ्या कागदांवर हजारोंनी सह्या करून ठेवल्या आणि त्याच्या उशिराच्या प्रिंट्सचा बाजार अजून त्यातून सावरलेला नाही. सहीसोबत कधी छापलं, कुठे छापलं, एकूण प्रती किती, आधी कोणाकडे होतं, याचे कागद लागतात.

गॅलरीवाल्यांनी तुम्हाला बातम्या दाखवल्या असतील. मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात एम. एफ. हुसेनांचं ग्राम यात्रा हे चित्र साधारण 118 कोटींना गेलं, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसऱ्या एका लिलावात गायतोंड्यांचं एक चित्र 67 कोटींना. बातम्या खऱ्याच आहेत. पण ती दोन्ही कॅनव्हासवरची, जगात एकच असलेली ऑइल पेंटिंग्ज. त्या भावावरून 250 प्रती असलेल्या जिक्लेचा भाव ठरत नाही. तुम्हाला विकायची असेल त्या दिवशी उरलेल्या 249 पैकी कोणीही तीच प्रिंट घेऊन बाजारात उभा असू शकतो.

बरं, समजा किंमत वाढली असंच धरू. पाच वर्षांनी लिलावात कोणीतरी एकूण 2,50,000 मोजायला तयार झालं, म्हणजे 35 टक्के वाढ. त्यात लिलाव कंपनी घेणाऱ्याकडून बोलीवर जादा घेते तो प्रीमियम 20 टक्के धरला तर बोली झाली सुमारे 2,08,000 ची, त्यातून तुमच्याकडून 10 टक्के कमिशन गेलं की हातात येतात साधारण 1,87,500. म्हणजे 35 टक्के वाढूनही तुम्ही जेमतेम घातलेल्या पैशांवर, आणि पॅकिंग-वाहतूक यात धरलेलंच नाही. वर नफा झालाच तर टॅक्स आहे, चित्रं आणि कलाकृती दागिन्यांसारख्याच कॅपिटल ॲसेट धरल्या जातात, घरातल्या सोफ्यासारखी सूट त्यांना नाही, 24 महिन्यांनंतर विकली तर लाँग टर्म गेनवर 12.5 टक्के, म्हणून बिल कायम जपून ठेवायचं. हेच 1,85,000 इंडेक्स फंडात (निफ्टीसारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणारा म्युच्युअल फंड) राहिले आणि 10 टक्के मिळाले असं धरलं (मिळतीलच असं नाही, पण हिशोबाला), तर मुलगी कॉलेज संपवेपर्यंत, म्हणजे 15 वर्षांनी, साडेसात लाखांच्या पुढे जातात. ते सोडून प्रिंट घ्यायची का, असा तुमचा खरा प्रश्न आहे.

आम्हीच परत घेऊ याला लेखी कागद मागा आणि त्यात किंमत बघा. बहुतेक वेळा तिथे त्या वेळच्या बाजारभावाने असं असतं, आणि बाजारभाव ठरवणार तेच. आकडा आणि मुदत लिहून देत नसतील तर ते आश्वासन शून्य धरा. नो कॉस्ट ईएमआयचं पण तसंच, त्यात बँकेचं व्याज विकणारा डिस्काउंट म्हणून दाखवतो, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुधा तुमच्याच कार्डवर पडते. रोख घेतली तर कितीला, हे विचारा, आकडा खाली येईल असं मला वाटतं.

आणि एक गोष्ट यापेक्षा महत्त्वाची. तुमचा घरखर्च, शाळेची फी आणि हप्ता धरून महिन्याला लाख-सव्वालाख जातात, म्हणजे 2,40,000 हा दोन महिन्यांचाच आधार आहे. दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर हप्ता कसा भरणार? आधी तो किमान पाच-सहा लाखांवर न्या. एसआयपीला हात लावू नका.

मग भिंत रिकामी ठेवायची का, तर नाही. दिवाळी बोनस येतो म्हणालात, त्यातले 35-40 हजार भिंतीसाठी असं आत्ताच ठरवा, आणि ही रक्कम उद्या शून्य झाली तरी चालेल अशा मनाने खर्च करा. एवढ्यात तुम्हाला तरुण प्रिंटमेकर्सची सही-नंबरवाली दोन-तीन मूळ कामं मिळू शकतात, पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत भरपूर चांगलं काम असतं. जेजे स्कूल ऑफ आर्ट आणि अभिनव कला महाविद्यालयाची वार्षिक प्रदर्शनं बघा, बडोद्याला छाप म्हणून प्रिंटमेकर्सचा स्टुडिओ आहे, तिथलं काम बघा. मुलीलाही घेऊन जा, प्लेटवरून कागद उचलताना बघणं तिला फार आवडेल. आणि रझांचाच बिंदू हवा असेल तर म्युझियम शॉपमधलं चांगलं पोस्टर घेऊन नीट फ्रेम करा, त्यात कमीपणा काहीच नाही.

फ्रेमिंगमध्ये मात्र काटकसर करू नका. ॲसिड-फ्री माउंट बोर्ड (चित्राभोवतीचा आणि मागचा पुठ्ठा), काच कागदाला टेकणार नाही एवढी गॅप, यूव्ही काच, आणि चित्र बोर्डवर पूर्ण चिकटवू द्यायचं नाही, वरून फक्त कागदी हिंजवर, म्हणजे छोट्या कागदी पट्ट्यांवर, लटकवायचं. तुमची ती भिंत बाहेरची आहे आणि पश्चिमेचं ऊन येतं असं प्लॅनवरून दिसतंय, पावसाळ्यात अशी भिंत ओल धरते आणि कागदावर पिवळे ठिपके येतात. सोफ्यासमोरची आतली भिंत बरी, चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच-पाच फुटांवर, मागे कोपऱ्यांना रबरी बटणं म्हणजे हवा खेळेल. घराच्या इन्शुरन्समध्ये कलाकृती आपोआप येत नाहीत, पण एवढ्या रकमेसाठी वेगळं कव्हर घ्यायची गरज नाही, फोटो आणि बिलं मेलवर सेव्ह केलीत तरी पुरे.

शनिवारी गॅलरीत बयाणा द्यायला जाणार होतात ना, तो देऊ नका. जा जरूर, पण ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांची लेखी परवानगी, रोख किंमत आणि परत घेण्याचा लेखी आकडा एवढं मागा, आणि काय उत्तर मिळालं ते मला कळवा.