नाव सोन्याचं, नाणं चांदीचं

प्रश्न : माझे वडील जहाजावर नोकरीला होते. त्यांच्या पेटीत ५० गुल्डनची सूर्यफुलाचं चित्र असलेली डच नोट, अडीच गुल्डनचं नाणं आणि रॉटरडॅमची एक पावती सापडली. पावतीवर रकमेआधी ‘एफ’ लिहिलंय. गुल्डनला ‘एफ’ कसा? आणि आज याचे काही पैसे मिळतील का?

उत्तर : आधी ती नोट नीट जपून ठेवा, मग पुढचं वाचा.

तो ‘एफ’ गुल्डनचा नाहीच, इटलीतल्या फ्लोरेन्सचा आहे. त्या शहरानं १२५२ मध्ये सोन्याचं फ्लोरिन पाडायला घेतलं. नाणं इतकं खात्रीचं, की युरोपभर त्याच्या नकला निघाल्या. डच मुलखात त्याला ‘गुल्डन’ म्हणू लागले, म्हणजे ‘सोन्याचं’. (डच माणूस त्याचा उच्चार घशातून खरवडून ‘खुल्डन’ असा करतो.) पुढे गुल्डन चांदीचं झालं, १९६७ पासून तर निकेलचं, पण नाव सोन्याचंच राहिलं आणि हिशेबाच्या वहीतला ‘एफ’ही हलला नाही.

जुना हिशेब डोकं फिरवणारा होता : एका गुल्डनचे २० स्टायव्हर, एका स्टायव्हरचे १६ पेनिंग. १८१६च्या कायद्यानं गुल्डनचे सरळ १०० सेंट केले. तरी पाच सेंटांना लोक स्टायव्हरच म्हणत राहिले. दहाचं डुबेल्त्ये, पंचविसाचं क्वार्ट्ये. हे म्हणजे थेट आपली पावलीच. डुबेल्त्ये म्हणून जन्मलेला कधी क्वार्ट्ये होत नाही, अशी त्यांच्याकडे म्हणच आहे. मला ती फार कडू वाटते.

तुमची नोट १९८२ची, ओट्ये ऑक्सेनार यांच्या हातची. नोट म्हटली की राजा-राणी किंवा दाढीवाले थोर पुरुष, हा रिवाज मोडून या गृहस्थानं ५०च्या नोटेवर सूर्यफूल काढलं, १००च्या नोटेवर पाणलावा पक्षी, २५०च्या नोटेवर दीपगृह. भिंग असेल तर फुलावरची मधमाशी बघा. माणूस खोडकरही होता. त्याच्या १००० गुल्डनच्या नोटेवर तत्त्वज्ञ स्पिनोझा आहे. त्याच्या केसांत ऑक्सेनारनं स्वतःच्या बोटाचा ठसा दडवला, आणि दीपगृहाच्या नोटेच्या जलचिन्हात एक ससा. मध्यवर्ती बँकेची नोट असून! युरोच्या नोटांवरचे काल्पनिक पूल आणि कमानी पाहिल्या की मला हा ससा हटकून आठवतो.

आता पैशांचं. १ जानेवारी २००२ला युरोची नाणी-नोटा आल्या आणि २८ जानेवारीला गुल्डन चलनातून गेलं. दर ठरलेला : एका युरोला २.२०३७१ गुल्डन. त्या हिशेबानं तुमच्या नोटेचे २२.६९ युरो होतात. ‘डी नेडरलँड्स बँक’ ही तिथली मध्यवर्ती बँक अशा नोटा १ जानेवारी २०३२ पर्यंत बदलून देणार आहे. मात्र पाठवण्याआधी त्यांचे नियम वाचा.

नाण्याची मुदत १ जानेवारी २००७लाच संपली. माझ्याही खणात एक अडीच गुल्डन आहे. उद्या बघू, उद्या बघू करत मी ती मुदत चुकवली. तुमच्या नाण्याची कड फिरवून पाहा : ‘देव आमच्यासोबत असो’ अशा अर्थाची डच अक्षरं कोरलेली दिसतील. डच दोन युरोच्या कडेवरही तीच आहेत.