बिझनेस क्लासचं तिकीट काढलंय, मग नेमकं काय मागायचं?

विमानप्रवासाबद्दल प्रश्न पाठवा असं मागच्या वेळी लिहिलं होतं, आणि आलेल्या पत्रांमध्ये सगळ्यात जास्त पत्रं बिझनेस क्लासबद्दलची निघाली. मी १६ वर्षं केबिन क्रू म्हणून काम केलंय, त्यातली शेवटची ७ वर्षं पुढच्या केबिनमध्ये, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. जे माहितीये ते सरळ सांगते.

प्रश्न : ताई, मुलाने आम्हा दोघांचं पहिल्यांदाच बिझनेस क्लासचं तिकीट काढलंय, ९ तासांचा रात्रीचा प्रवास आहे. तो म्हणतो एवढे पैसे भरलेत तर सगळं मागून घ्या. आम्हाला मागायचा संकोच वाटतो. आपल्या हक्काचं काय आणि कशाला हात पसरायचा नाही, हे कसं कळणार?

काका, लांबच्या रात्रीच्या फ्लाइटला तुमच्या मुलाने तुमच्यासाठी मुख्य म्हणजे झोप विकत घेतलीये. बाकीचं सगळं, गरम टॉवेल, मेन्यूकार्ड, काचेचा ग्लास, हे त्या झोपेच्या आजूबाजूचं. म्हणून पहिलं बघायचं ते तुमची सीट पूर्ण आडवी होते का. ब्रिटिश एअरवेजने २००० साली बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट होणारा पलंग आणला आणि मग हळूहळू बाकीच्यांनाही तो आणावा लागला, पण अजूनही काही जुन्या विमानांत सीट सपाट होते तरी तिरकी राहते, म्हणजे डोकं वर आणि पाय खाली. अशा सीटवर माणूस रात्रभर हळूहळू पायांकडे घसरत जातो, अर्ध्या-पाऊण तासाने जागा होतो, कोपरावर जोर देऊन परत वर सरकतो, मी गॅलीच्या, म्हणजे विमानातल्या छोट्या स्वयंपाकघराच्या, पडद्यामागून हे इतक्या वेळा पाहिलंय की आजही डोळ्यासमोर येतं. मुलाला सांगा, बुकिंगमध्ये विमानाचा प्रकार आणि सीट मॅप उघडून बघ. १-२-१ अशी मांडणी, म्हणजे दोन्ही खिडक्यांना एकेक आणि मध्ये दोन सीट, असेल तर प्रत्येकाला थेट पॅसेजमध्ये उतरता येतं, तुम्ही दोघं मधल्या जोडीच्या सीट घ्या. २-२-२ असेल तर खिडकीवाल्याला रात्री बाथरूमला जायचं म्हणजे शेजारच्या झोपलेल्या माणसाचे पाय ओलांडायला लागतात, तुमच्यात ज्याला जास्त वेळा उठायला लागतं त्याने बाहेरची सीट घ्यायची. आणि बिझनेस क्लास म्हणजे सगळीकडे पलंगच असं धरून चालू नका, युरोपातल्या युरोपात छोट्या अंतराला बिझनेसमध्ये बहुतेक वेळा इकॉनॉमीचीच खुर्ची असते, फक्त मधली सीट रिकामी सोडलेली असते आणि खाणं बरं असतं.

आता मागायचं काय. पाणी कितीही वेळा मागा, केबिनची हवा फार कोरडी असते. जास्तीची उशी मागा, असेल तर देतील. गादीचं कव्हर असतं का, ते घालून द्याल का विचारा, बऱ्याच ठिकाणी क्रू पलंग लावून देतात. सीटची बटणं कळली नाहीत तर विमान वर गेल्यावर लगेच बोलवा आणि एकदा दाखवा म्हणा, यात कमीपणा काही नाही, रोज उडणारे लोकसुद्धा नव्या सीटमध्ये दिवा कुठून बंद होतो ते शोधत असतात! नाश्त्याला उठवायचं की नाही हेही आधीच सांगून ठेवा, नाहीतर गाढ झोपेत असताना कुणीतरी येऊन ट्रे पुढे करेल. यातलं काहीच हात पसरणं नाही. मागू नये असं माझ्या मते एकच, दुसऱ्या प्रवाशाची गैरसोय, म्हणजे त्याला उठवा, त्याची सीट आम्हाला द्या, त्याची खिडकी बंद करा. क्रूला विचारायला सांगता येतं, पण तो प्रवासी नाही म्हणाला की विषय संपला.

प्रश्न : १० तासांच्या फ्लाइटमध्ये माझी सीट अर्धवट वाकून अडकली, सपाट होईना की सरळ होईना. क्रूने सॉरी म्हटलं आणि एक चॉकलेटचा बॉक्स दिला. मी गप्प बसलो. नंतर तक्रार केली तर एअरलाइन म्हणते आमच्याकडे अशी काही नोंदच नाही. काय करायला हवं होतं?

तुमचं पत्र वाचून खरंच वाईट वाटलं, कारण ज्याच्यासाठी पैसे भरले तेच मिळालं नाही आणि वर तुमचं म्हणणं खोटं असल्यासारखं उत्तर आलं.

अडकलेली सीट बऱ्याचदा विमानातच सुरू होते. ही सीट मोटरवर चालते, क्रूला तिची पॉवर बंद करून परत चालू करता येते, त्याला काही मिनिटं लागतात. तेवढ्याने झालं नाही तर हाताने सोडवायची सोय असते, सीटच्या खाली किंवा बाजूला झाकणाआड खटका असतो, तो ओढून धरायचा आणि दुसऱ्याने सीट ढकलायची. मी आणि माझी सहकारी मिळून गुडघ्यावर बसून, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हाताने तो खटका ओढत, अंधारात सीट सपाट करून दिलीये, प्रवासी बाजूला ब्लँकेट घेऊन उभा. सपाट झाली की मग लँडिंगपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही, आणि उतरायच्या आधी परत तसंच करून सरळ करायची, कारण सीट सरळ आणि लॉक नसेल तर टेक-ऑफ लँडिंगला तिथे कुणाला बसवता येत नाही.

म्हणून पहिलं वाक्य असं बोला, "रिसेट करून बघता का, आणि नाही झालं तर हाताने होईल का?" तरीही नाही झालं तर पर्सरला, म्हणजे केबिन क्रूच्या प्रमुखाला, बोलवा, केबिनमध्ये दुसरी सीट रिकामी आहे का विचारा. आणि सीट रिकामी असो-नसो, हे लिहून घ्या म्हणा. केबिनमधल्या बिघाडांची नोंदवही असते, त्यात सीट नंबर टाकून नोंद झाली की ती जमिनीवरच्या इंजिनिअरपर्यंत जाते, आणि शिवाय पर्सर स्वतःचा रिपोर्टही पाठवतो. तुम्ही स्वतः मोबाइलवर सीटचा फोटो काढा ज्यात सीट नंबर दिसेल, वेळ टिपून ठेवा, पर्सरचं नाव विचारा. हे भांडण करून नाही तर शांतपणे, कारण नोंद करणं हे क्रूच्याही फायद्याचं असतं, पुढच्या फ्लाइटला त्याच सीटवरून दुसऱ्याचं बोलणं खायला लागत नाही.

आता तुमचं काय. बोर्डिंग पास असेलच, कधी, कोणी, काय सांगितलं हे तारखेसकट लिहून परत पाठवा, आणि त्या फ्लाइटचा केबिन रिपोर्ट काढून बघा असं स्पष्ट लिहा. बिघडलेल्या सीटसाठी एवढेच पैसे परत असा सगळीकडे लागू होणारा नियम नाही, बहुतेक वेळा माइल्स (पुढच्या तिकिटाला वापरायचे पॉइंट) किंवा व्हाउचर देतात, पहिल्या उत्तरातला आकडा घ्यायलाच हवा असं नाही.

प्रश्न : बिझनेसचं तिकीट असून गेटवर सांगितलं की छोटं विमान आलंय, तुम्हाला इकॉनॉमीत बसायला लागेल. याची भरपाई मिळते का?

हे वेगळं प्रकरण, याला डाउनग्रेड म्हणतात आणि इथे काही देशांत नियम पक्के आहेत. युरोपियन युनियनचा २००४ चा नियम २६१ सांगतो की खालच्या क्लासमध्ये बसवलं तर ७ दिवसांत तिकिटाच्या किमतीचा ठरावीक भाग परत करायचा, १५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, मधल्या अंतराला ५० टक्के, आणि ३५०० च्या पुढच्या लांब प्रवासाला ७५ टक्के. हा नियम युरोपियन युनियनमधून निघणाऱ्या कुठल्याही एअरलाइनला लागतो, आणि बाहेरून तिकडे जाणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या एअरलाइन्सना. फक्त एक लक्षात घ्या, २०१६ मध्ये तिथल्या कोर्टाने स्पष्ट केलं की टक्केवारी मोजायची ती ज्या एका टप्प्यात खाली बसवलं त्या टप्प्याच्या भाड्यावर, पूर्ण परतीच्या तिकिटावर नाही. गेटवर गडबडीत समोर येईल त्या कागदावर सही करू नका, आधी वाचा, भरपाईचा हक्क सोडतो असं तर लिहिलं नाही ना. आणि डाउनग्रेड झालं हे लेखी किंवा ईमेलवर मागा, नवा बोर्डिंग पास आणि जुना दोन्ही जपून ठेवा.

प्रश्न : एअर होस्टेसने माझी बॅग वर ठेवायला नकार दिला. बिझनेसमध्ये हे चालतं?

चालतं. बऱ्याच एअरलाइन्स क्रूला सांगतात की प्रवाशाची बॅग एकट्याने उचलू नका, कारण पाठीची आणि खांद्याची दुखणी यातूनच लागतात, माझ्या दोन मैत्रिणींनी यापायी उडणं सोडलं. तुम्हाला उचलता येत नसेल, ऑपरेशन झालंय, वय झालंय, तर तसं सांगा, दोघं मिळून उचलू म्हणा, तेव्हा कुणी नाही म्हणत नाही. मदत हवी असं म्हटलं की सगळं बदलतं.

प्रश्न : मला हवी होती ती डिश संपली होती, मागच्या रांगेत बसलो एवढाच माझा गुन्हा. एवढ्या पैशात स्वतःच्या पसंतीचं जेवणही मिळू नये?

तुमचा राग पटतो. विमानात जेवण मोजून चढवतात, प्रत्येक डिशचे ठरावीक ट्रे, आणि कुठली जास्त जाईल हा अंदाज असतो, तो चुकला की शेवटच्या रांगेला उरलेलं. यावर उपाय घरातूनच करायचा. काही एअरलाइन्स आधी डिश निवडून ठेवायला देतात, सिंगापूर एअरलाइन्समध्ये निदान २४ तास आधी मुख्य डिश ठरवता येते, खास पथ्याचं जेवणही साधारण २४ तास आधी सांगायला लागतं. बुकिंग उघडा आणि करून टाका, म्हणजे तो ट्रे तुमच्या नावाने येतो. रात्रीची फ्लाइट असेल तर मी तर म्हणेन विमानतळावरच्या लाउंजमध्येच, म्हणजे बिझनेसवाल्यांच्या खास बसायच्या जागेतच, जेवून घ्या आणि विमानात सरळ झोपा, वर गेल्यावर जिभेला मीठ आणि गोड कमीच लागतं, त्यामुळे खाली चांगलं लागलं असतं तेच जेवण वर फिकं वाटतं. भूक लागली की नंतर मागा, मधल्या वेळात काहीतरी खायला असतंच.

प्रश्न : बिझनेसचं तिकीट असून लाउंजमध्ये घेतलं नाही.

तिकिटाचा प्रकार बघा. बिझनेसमध्येही आता स्वस्त भाडी आलीत, एमिरेट्सने २०१९ मध्ये आणलेल्या अशा भाड्यात लाउंज नव्हतं, नंतर इतरांनीही तसं केलं. सीट आणि जेवण तेच, पण लाउंज, सीट आधी निवडणं, तारीख बदलणं यातलं काही काही काढून टाकलेलं. पैसे भरायच्या आधी भाड्यात काय धरलंय ती यादी पूर्ण वाचा, दुसऱ्याकडून तिकीट काढत असाल तर ती यादी मागून घ्या.

प्रश्न : आमचं बाळ १० महिन्यांचं आहे. ते रडलं तर बिझनेसमधले लोक काय म्हणतील या भीतीने नवरा म्हणतो इकॉनॉमीतच जाऊ. मला मात्र बाळंतपणानंतर पाठीचा त्रास आहे, मला आडवं व्हायचंय.

तू बिझनेसनेच जा. बाळाला तिकीट दिलंय म्हणजे बाळाला तिथे असायचा हक्क आहे, शांततेची हमी कुठल्याच तिकिटावर लिहिलेली नसते, आणि शेजारच्याला त्रास झाला तर त्याच्यासाठी कानात घालायचे बोळे आणि हेडफोन असतात, क्रू आणून देतो. पण बुकिंग करतानाच फोन करून सांग की पाळणा हवाय. पाळणा फक्त काही ठरावीक सीटसमोर लागतो, आणि जिथे प्रत्येक सीटला स्वतःचा दरवाजा असतो, म्हणजे स्वीट, अशा केबिनमध्ये अशा सीट अगदीच थोड्या असतात. काही बिझनेस सीटच्या पट्ट्यात एअरबॅग असते, तिथे मांडीवर बाळ घेऊन बसायला काही एअरलाइन्स देत नाहीत, आधी विचारलं नाहीस तर विमानात शेवटच्या क्षणी सीट बदलायला लागेल. उतरताना बाळाला पाज किंवा बाटली दे, गिळत राहिलं की कान कमी दुखतात. रडलंच तर त्याला घेऊन गॅलीत ये, आम्ही किती बाळं कडेवर घेऊन फिरवलीयेत सांगू! रात्री ३ वाजता मंद दिव्यात एक आई दीड तास झोपली आणि तिचं बाळ माझ्या सहकारीच्या खांद्यावर, ती आई उठून आली तेव्हा तिच्या गालावर उशीची घडी उमटली होती आणि ती आधी घाबरली, मग रडली. क्रूला वेळ असेल तर असं होतं, पण हे मागून घ्यायची गोष्ट नाही, कारण त्याच वेळी मागे कुणी चक्कर येऊन पडलं तर बाळ आईकडे देऊन पळायला लागतं.

प्रश्न : वय ६३. बिझनेसमध्ये पाय लांब करता येतात, मग ते घट्ट मोजे आणि पायाचे व्यायाम लागत नाहीत ना? रक्ताच्या गाठीला तर इकॉनॉमी क्लास सिंड्रोम म्हणतात.

त्या नावानेच घोळ केलाय. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जे सांगितलं ते असं, ४ तासांहून जास्त वेळ न हलता बसलं तर गाठीचा धोका साधारण दुप्पट होतो, मग ते विमान असो, बस असो की ट्रेन. धोका मुळात लहानच आहे, पण सीट रुंद आहे म्हणून तो जात नाही. उलट बिझनेसमध्ये दोन ग्लास वाइन आणि झोपेची गोळी घेऊन माणूस ७ तास एकाच कुशीवर पडून राहतो, पाय त्या पुढच्या अरुंद कप्प्यात अडकलेले. गोळी घेऊ नका. जाग आली की घोटे फिरवा, टाचा वर-खाली करा, बाथरूमला गेलात की पॅसेजमध्ये एक चक्कर मारा. मोजे लागतात का हे मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः अलीकडे ऑपरेशन झालं असेल किंवा आधी कधी गाठ झाली असेल तर, आणि विचारायचं ते तिकीट काढायच्या आधी.